टाकी मोठी म्हणून नळ फुटत नाही

पंधरा दिवस झाले, बेळगाव-खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: जुन्या गाण्याच्या डब्यांची (गाणी वाजवणारे छोटे प्लेअर), आयपॉड-वॉकमनची बॅटरी बदलू नका. बाहेरची बॅटरी म्हणजे बॉम्ब. जास्त एमएएचची, म्हणजे जास्त क्षमतेची, घातली तर सर्किट जळतं. उतरलेली बॅटरी पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, नव्यासारखी होते. महिन्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. आणि फुगली तर डबा गेला म्हणून समजा.

मला तो तीनदा आला, त्यातला एकदा कानडीत. सीमाप्रश्नावर ज्यांचं कधी जमलं नाही त्यांचं फ्रीजरवर जमलं म्हणायचं. मी संध्याकाळी घरी रिपेरी करत बसतो. या मेसेजची फळं माझ्याच टेबलावर येऊन पडतात, म्हणून हे लिहितोय.

आधी फ्रीजर. वडगावच्या एक मावशी भजनाचा डबा घेऊन आल्या. "तासभर लावलं की मध्येच बंद पडूलालंय बघ," म्हणाल्या. डबा लाल, मागचं झाकण केसांच्या रबरानं बांधलेलं. आत जुन्या नोकिया फोनची असायची तसली चपटी बीएल-५सी बॅटरी. या स्वस्तातल्या डब्यांत बऱ्याचदा तीच असते. बॅटरीच्या पितळी पायांवर, म्हणजे करंट जातो त्या पट्ट्यांवर, हिरवट थर. दोन रात्री फ्रीजरमध्ये ठेवली होती. मी ती टेबलावर ठेवून टिचकी मारली, तर भवऱ्यासारखी गरकन फिरली. धडधाकट बॅटरी अशी फिरत नाही, घासून जागेवर थांबते. फिरली म्हणजे पोट आलंय.

लिथियम बॅटरी म्हातारी होते ती आतल्या रसायनामुळे. चार्जची ये-जा करणारं लिथियम हळूहळू ग्रॅफाइटवरच्या थरात अडकून बसतं. थंडी ते सोडवत नाही. गारव्यात झीज हळू होते हे खरं, म्हणून न वापरायची बॅटरी निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवतात. मेसेजवाल्यानं तेवढंच कुठंतरी ऐकलं असावं. फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर तिला पाणी सुटतं, पाय गंजतात. गोठलेली असतानाच चार्जिंगला लावली तर आत धातूरूप लिथियम साठतं, ते त्याहून वाईट.

मावशींचा डबा विणायच्या मागाशेजारी दिवसभर चार्जरलाच असतो. दोष तिथं आहे. कायम ४.२ व्होल्टला, म्हणजे काठोकाठ, भरलेली आणि वर चार्जरची ऊब, अशानं आतला द्रव विघटित होऊन वायू धरतो.

आता एमएएच. हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो आणि सगळ्यात चुकीचा आहे. एमएएच म्हणजे टाकी. गच्चीवर पाचशेच्या जागी हजार लिटरची टाकी बसवली म्हणून मोरीतला नळ फुटतो का? नळ सोडाल तेवढंच पाणी येतं. डबा त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो. जुळवायचा असतो व्होल्टेज: ३.७ च्या जागी ३.७. मग मोठी बॅटरी जास्त वेळ वाजते आणि भरायला जास्त वेळ घेते, इतकंच. जुन्या आयपॉडमधली १.८ इंची हार्ड डिस्क काढून मेमरी कार्डाचा अ‍ॅडॉप्टर बसवणारे हौशी लोक मोकळ्या झालेल्या जागेत जाड बॅटरीच घालतात. धोका असलाच तर उलट बाजूनं आहे. जागा पुरत नाही म्हणून एवढीशी बॅटरी घातली आणि चार्जिंग सांभाळणारी चिप मोठ्या बॅटरीच्या हिशेबानं करंट ढकलत राहिली, तर बॅटरी तापते. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

तीन वायरींच्या बॅटरीत तिसरी वायर बहुधा थर्मिस्टरची असते, गरम झालं की चार्जिंग थांबवायला. तिथं दोन वायरींची बॅटरी लावून मध्ये रेझिस्टर टाकून डब्याला फसवणारे कारागीर आहेत. माझ्या घरचा एक प्लेअर असाच करून आला होता, मी तो परत उघडला.

"बाहेरची म्हणजे बॉम्ब" यात अर्धं तथ्य आहे. बाजारात खोट्या बॅटऱ्या खूप आहेत. १८६५० मापाच्या गोल सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की खुशाल खाली ठेवा. त्या मापात चांगला सेल साधारण ३५००-३६०० च्या आसपास असतो. हातात हलका लागला तर आणखी शंका घ्या. संरक्षक सर्किट आहे ना, ते विचारा. पण कंपनीची म्हणून डोळे झाकायचे, हेही नको. २००७ साली नोकियानं याच बीएल-५सीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत तापण्याचा इशारा देऊन त्या बदलून देऊ केल्या होत्या. २०११ मध्ये अ‍ॅपलनं पहिल्या पिढीचे आयपॉड नॅनो बॅटरी तापते म्हणून परत मागवले.

पूर्ण रिकामी करण्याचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. आताची लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली, तेव्हापासून तो शिळा झालाय. फार खाली उतरवली तर आतलं तांबं विरघळू लागतं. वीस-तीस टक्क्यांवर आली की लावा, संपलं.

राहिली फुगलेली. डबा गेलेला नसतो, बॅटरी गेलेली असते. चार्जिंग तेव्हाच बंद करा. दाबू नका, टोचू नका, स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. सरकवायची असेल तर प्लास्टिकची पट्टी घ्या. नॅनोसारख्या प्लेअरमध्ये ती चिकटवलेली आणि डागलेली (सोल्डर केलेली) असते, ते काम हात बसलेल्यालाच द्या. काढलेली कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत दबली तर पेट घेते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण आपल्या गल्लीपर्यंत ती पोचेल तेव्हा पोचेल.

मावशींच्या डब्याला दीडशे रुपयांची नवी बॅटरी बसली, मागचं रबर तेच ठेवलं. जुनीच्या पायांवर टेप लावून ती मी गॅलरीत वाळूच्या डब्यात ठेवली आहे. आत आता सहा झाल्या. पुढच्या वेळी शहरात गेलो की ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन येईन.