894 मध्ये जपानने चीनशी संबंध तोडले होते का?

"इ.स. 894 मध्ये जपानने चीनशी संबंध तोडले, म्हणून त्याची स्वतःची संस्कृती बहरली. तोवर तो चीनकडून नुसता घेतच होता." हे वाक्य समाजमाध्यमांवर सतत फिरतं. ते चुकीचं आहे, आणि त्यामुळे काही शतकांची ये-जाच पुसली जाते.

संबंध तोडले? त्या वर्षी जपानी दरबारातले विद्वान सुगावारा नो मिचिझाने यांनी सुचवलं ते इतकंच: चीनची तांग राजवट डळमळली आहे, राजदूत पाठवण्याचा फेरविचार करावा. राजदूतांचं मंडळ गेलं नाही आणि 907 मध्ये तांग घराणंच संपलं. पण त्याआधीचं शेवटचं मंडळ निघालं होतं 838 मध्ये! सरकारी वाट केव्हाच ओस पडली होती. व्यापाऱ्यांची जहाजं मात्र जपानच्या हाकाता बंदरात येतच राहिली.

मग जपानी लोक चीनला जात कसे? याचं उत्तर जोजिन या जपानी बौद्ध भिक्षूच्या रोजनिशीत आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. साठी ओलांडलेला हा माणूस 1072 मध्ये परवानगीची वाट न पाहता चिनी व्यापाऱ्यांच्या जहाजातून निघाला, चीनमध्ये हांगचौला उतरला, तियानताई या बौद्धांच्या पवित्र पर्वतावर जाऊन आला आणि चीनच्या महाकालव्याने, तांगनंतर आलेल्या सुंग घराण्याच्या राजधानीला, कैफंगला पोहोचला. बांधांवरून बैलांच्या जोरावर ओढून नेलेल्या बोटी, पाण्याचे दरवाजे उघडण्याची वाट पाहणं, हे सारं त्याने दिवसागणिक टिपलं. सुंगकालीन कालवे प्रत्यक्षात कसे चालत हे समजून घ्यायला अभ्यासक आजही या परदेशी माणसाकडे वळतात. सम्राट शेनझोंगने त्याला दरबारात बोलावलं. 1073 मध्ये त्याने शिष्यांबरोबर नवे छापील बौद्ध ग्रंथ जपानला धाडले. स्वतः मात्र 1081 मध्ये चीनमध्येच वारला. तथाकथित संबंधविच्छेदाला तेव्हा पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली होती.

म्हणून संस्कृती बहरली? काना ही जपानची स्वतःची लिपी 894 पूर्वीच, नवव्या शतकात, आकाराला येत होती. तिला बंद दारांची गरज पडली नाही.

नुसतं घेत होता? जपानी तलवारी, घडीचे पंखे, गंधक यांना सुंग चीनमध्ये चांगली मागणी होती. बाराव्या शतकात चीनमधल्या निंगबोजवळच्या तियानतोंग मठात शिकून परतलेल्या एइसाई या जपानी भिक्षूने त्याच मठाच्या पुनर्बांधणीसाठी जपानहून समुद्रमार्गे लाकूड पाठवलं.