ऊसतोड मजुरांच्या दवाखान्याची काळजी आपण का करावी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

ऊसतोड मजुरांच्या आरोग्यावरील माझ्या लेखावर आपण शिरोळ तालुक्यातून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपण म्हणता, तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच ऊसबिलातून कापला जातो, वर तोडणाऱ्यांना खुशाली आणि वाहनचालकाला एन्ट्री म्हणून जादा पैसे मोजावे लागतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊनही मजुरांच्या टोळ्या येत नाहीत. मग बीडहून आलेल्यांच्या दवाखान्याची काळजी कोल्हापूरच्या शेतकऱ्याने का वाहावी, असा आपला सवाल आहे. यातली तक्रार खरी आहे, आणि उचल बुडाल्याने कर्जात रुतलेले वाहनमालक आपल्या भागात पुष्कळ आहेत. परंतु उचलीचा व्यवहार वाहनमालक आणि टोळीचा मुकादम यांच्यात ठरतो. कोयत्यातल्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीतल्या, बाईला त्यात कोणी विचारत नाही आणि तिची मजुरीही नवऱ्याच्याच नावावर पडते.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया बीडमध्ये होतात, त्यांचा इथे काय संबंध, असेही आपण लिहिले आहे. २०१९ मध्ये शासकीय समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रिया तिकडे झाल्या, हे मान्य. पण दुखणे अंगात मुरते ते हंगामात, आपल्या फडात. दिवसभर ऊस तोडून झाल्यावर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे, गाडी रात्री आली तर रात्री भरायची, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही आणि एक दिवस कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पडून राहिले तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, बसतो. शेतीची वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात मोटर रात्रीच चालते, म्हणून दिवसभर राबलेली बाई झोप मोडून पाणी भरायला उठते. अशा बाईला ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ हा सल्ला पटला, तर त्यात नवल ते काय?

टोळ्या पहाटे फडात जातात आणि अंधार पडता परततात. त्यामुळे दिवसा उघडे असलेले आरोग्य केंद्र दोन किलोमीटरवर असूनही त्यांच्या उपयोगाचे नसते. फिरता दवाखाना संध्याकाळी कोप्यांवरच जायला हवा, आणि त्याच फेरीत गरोदर बायांची तपासणी व लहान मुलांचे लसीकरण व्हायला हवे. कोणती टोळी कुठे उतरली आहे, हे कारखान्याच्या शेती विभागाला ठाऊक असतेच.

यासाठी आपल्या बिलातून आणखी कपात करा, असे मी म्हणत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाने द्यायची, असे ठरलेले आहे. त्यातून ज्या गावात कोप्या पडतात तिथे पाण्याची टाकी, शौचालये आणि दिवे का होऊ नयेत? आपण कारखान्याचे सभासद आहात. कोप्यांची जागा गाळप सुरू होण्यापूर्वी निश्चित करावी आणि आजारी मजुराचा खाडा धरू नये, एवढे दोन ठराव आपण वार्षिक सभेत मांडावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.