‘ढोर’ आणि ‘गुरू’ : एका आक्षेपाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘ढोरांची सकाळ’ या माझ्या लेखाबद्दल आपला आक्षेप असा की, ‘ढोर’ हा शब्द तुच्छतेचा आहे आणि त्याच अर्थाचा ‘गुरे’ हा शुद्ध शब्द असताना तो वापरण्याचे कारण नव्हते. अर्थ अगदी तोच आहे, हे मला मान्य नाही.

‘वत्सरूप’वरून जसे ‘वासरू’, तसे ‘गोरूप’वरून ‘गुरू’, म्हणजे ‘गुरे’चे एकवचन. म्हणजे त्या शब्दाच्या पोटात गाय आहे. ‘ढोर’ या शब्दात ती दिसत नाही. मात्र आज दोन्ही शब्दांत म्हशी येतात आणि बकऱ्या कशातच येत नाहीत, त्यामुळे व्युत्पत्तीवर मी फार भिस्त ठेवत नाही. (कायद्याचे निराळेच आहे. गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या १८७१ च्या कायद्यात हत्ती, उंट आणि डुकरेसुद्धा गुरांतच मोडतात.)

खरा फरक एकवचनात आहे. ‘गुरू’ म्हटले की कानाला शिक्षकच ऐकू येतो, म्हणून हा शब्द बहुधा अनेकवचनातच नांदतो आणि एकाविषयी बोलायचे झाले की ‘जनावर’ म्हणावे लागते. आमच्या विदर्भातल्या खेड्यात संध्याकाळी कळप आखरावरून, म्हणजे गावाजवळच्या गुरे जमवण्याच्या मोकळ्या जागेवरून, परतल्यावर कोठ्यात मोजदाद होते, तेव्हा ‘एक ढोर कमी हाये’ असे कोणीही सहज म्हणतो. त्या वाक्यात ‘गुरू’ घालून पाहावे, शाळेत मास्तर कमी असल्याची तक्रार वाटेल.

तुच्छतेविषयी म्हणाल, तर ‘ढोरमेहनत’ आहे तसे ‘गुरासारखे बडवले’ हेही आहेच. माणसाला लावला की दोन्ही शब्द सारखेच बोचतात. उलट पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणणारा कास्तकार वर्षभर त्यांना ढोरेच म्हणत असतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

एका बाबतीत मात्र आपल्या आक्षेपामुळे माझी चूक माझ्या लक्षात आली. ‘ढोर’ हे एका समाजाचेही नाव आहे. ‘ते ढोर’ आणि ‘तो ढोर’ हा भेद लिंगावरून कळतो. पण ‘ढोरांची’ या रूपात तो पुसला जातो, आणि शीर्षकाच्या मागेपुढे तो उलगडायला मजकूरही नसतो. म्हणून शीर्षक बदलून ‘आखरावरची सकाळ’ असे करत आहे. आतली ढोरे आणि त्यांना राखणारा ढोरकी मात्र आहेत तसेच राहतील.