क्रोन्स आजार आणि जनुके : एक खुलासा
‘क्रोन्स हा आतड्याचा आजार रक्तातूनच येतो, सोयरीक जुळवण्याआधी मुलीची जनुक-चाचणी करा’ असा संदेश लातूर-नांदेडकडे व्हॉट्सअॅपवर फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. २००१ मध्ये या आजाराशी जोडल्या गेलेल्या नॉड-२ जनुकातील काही बदलांमुळे जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखण्याची पेशींची क्षमता बिघडते आणि धोका वाढतो, हे खरे. मात्र असे बदल असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. त्यातही युरोपीय रुग्णांत आढळणारे तीन प्रमुख बदल भारतीय रुग्णांत क्वचितच सापडतात. एकसारखी जनुके असलेल्या जुळ्यांपैकीही अनेकदा एकालाच क्रोन्स होतो. अशा संदेशापायी कुणाचे लग्न मोडणे हा उघड अन्याय आहे. शौचातून रक्त पडत असेल किंवा जुलाब महिनाभर थांबत नसतील, तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे. निदान मुख्यतः दुर्बिणीच्या तपासणीवर आणि बायोप्सीवर (आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीवर) होते, जनुक-चाचणीवर नव्हे.