पत्र्यासाठी मिग घेताना खालचा आकडा बघा

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. शेवटचा आला तो पाचोऱ्याच्या मावसभावाकडून. तो घरामागच्या शेडमध्ये जुनी जीप दुरुस्त करून उभी करतोय आणि मिग मशीन, म्हणजे गॅसच्या आडोशात तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं मशीन, घ्यायच्या तयारीत आहे. मेसेज थोडक्यात असा: "घरी मिग घ्यायचं तर सरळ २५० अँपिअरचं घ्या, मोठं मशीन लहान काम करतंच. घरच्या प्लगवर आरामात चालतं. गॅसलेस तार लावा, सिलिंडरची कटकट नको, गाडीच्या पत्र्यालाही तेच चालतं. मिक्स गॅस म्हणजे पैसे उडवणं. आणि थ्री-इन-वन घेतलं की आयुष्यभर दुसरं मशीन नको."

पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नाही. पण यातल्या पहिल्याच वाक्यावर विसंबून मी जुन्या ओम्नीचा फ्लोअर खराब करून बसलो होतो. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"मोठं मशीन लहान काम करतंच." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असतो. त्याला ३० अँपिअरच्या आसपास करंट पुरतो, जोडाच्या तऱ्हेनुसार थोडा वर-खाली. म्हणजे तुमचं मशीन ३० वर स्थिर जळतं की नाही, हा खरा प्रश्न आहे. वर ते २५० पर्यंत जातं की ४०० पर्यंत, याचा पत्र्याशी काही संबंध नाही. बऱ्याच मोठ्या मशीनची सुरुवातच ५० अँपिअरपासून होते. काहींवर ३० लिहिलेलं असतं, पण तिथे आर्क (तार आणि पत्र्यामधली जळती ठिणगी) फडफडतो, तार तुकड्या-तुकड्याने उडते आणि टाका पत्र्यावर नुसता मण्यासारखा बसतो. म्हणून माणूस नॉब वाढवतो, आणि पत्र्याला भोक पडतं.

ओम्नीचं माझं असंच झालं. दुकानदाराने मोठं मशीन आणि त्यात ०.८ ची तार दिली होती. एक भोक भरायला गेलो की शेजारी दुसरं पडायचं. भुसावळला डेंटिंगचं काम करत आयुष्य गेलेले आमच्या ओळखीचे एक आबा आहेत, गॅसवर पितळ भरून पत्रा जोडणाऱ्या पिढीतले. त्यांनी फ्लोअरखाली बॅटरी मारून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हाई मशीन पत्रासाठे नही शे, भो."

तार हा त्याच मुद्द्याचा दुसरा अर्धा भाग आहे. ०.६ मिलिमीटरची सॉलिड तार साधारण ३० ते ९० अँपिअरमध्ये नीट चालते. ०.८ ची ४० ते १४५ मध्ये. १.२ ची तार पत्र्याच्या वाऱ्यालाही उभी करू नका. मला ०.६ ची तार मागवून घ्यावी लागली, पण त्या एका बदलाने निम्मं काम सोपं झालं. मशीन घेताना फीडर, म्हणजे तार पुढे ढकलणारा भाग, उघडायला लावा. सॉलिड तारेला व्ही खाचेचा रोलर लागतो आणि त्यावर ०.६ ची खाच असायला हवी. तार जिथून बाहेर येते ती कॉन्टॅक्ट टिपही तेवढ्याच मापाची. खाच मोठी असली की तार घसरते, आणि दोष मात्र आपण हाताला देतो.

आणखी एक गोष्ट मेसेज सांगत नाही. २५० अँपिअरच्या मशीनसोबत अनेकदा १५ नंबरची टॉर्च (हातात धरायची, तार सोडणारी गन) येते. ती सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड गॅसवर) ६० टक्के ड्युटी सायकलला, म्हणजे दर १० मिनिटांत ६ मिनिटं चालवली तर, १८० अँपिअरची आहे. मग वरच्या ७० अँपिअरचे पैसे कशाचे दिले?

"घरच्या प्लगवर आरामात चालतं." हिशोब करून बघा. मिगचा आर्क व्होल्टेज धरायचं ठरलेलं सूत्र आहे: १४ अधिक करंटच्या ०.०५ पट. २०० अँपिअरला २४ व्होल्ट, म्हणजे आर्कमध्येच ४,८०० वॅट. मशीनमधला तोटा धरला की भिंतीतून ५,८०० च्या आसपास वॅट ओढले जातात, २३० व्होल्टवर २५ अँपिअर. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटचा किती भाग कामी येतो ते) कमी असेल तर त्याहून जास्त. घरातला मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो. गावाकडे शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, ते वेगळंच. १०० अँपिअरला मात्र भिंतीतून १० अँपिअरच्या जवळपास लागतात, आणि पत्र्याच्या कामात आपण त्याच्याही बरेच खाली असतो. म्हणजे पत्रा घरच्या प्लगवर जोडता येतो हे खरं. पण २५० चं मशीन २५० ने त्याच प्लगवर चालत नाही. त्यासाठी महावितरणकडून लोड वाढवून घ्या, वेगळी जाड वायर आणि एमसीबी टाका.

ड्युटी सायकलबद्दलही इथे सांगतो, कारण मेसेजच्या एका लांबलेल्या नमुन्यात "६० टक्के म्हणजे दिवसभर" असं आहे. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं, आणि तेही ४० अंश तापमानाला मोजलेलं. जळगाव-भुसावळचा मे महिना ४० वर थांबत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. ट्रॉलीच्या चेसीला लांब रन मारायचे असतील तर छापलेल्या आकड्यापेक्षा कमीच धरा. पॅनेलच्या कामात मात्र याची काळजी नको. तिथे एक टाका सेकंदभराचा. तो मारायचा, दोन-तीन सेंटिमीटर सोडून पुढचा, मग उलट्या टोकाला, आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबायचं. पत्रा गार करण्यात मशीनही गार होतं. घाईने सलग शिवण घातली की पत्रा ओढला जातो, आणि मग तो झाकायला लांबीचे (पुट्टीचे) थर चढतात.

"गॅसलेस तार पत्र्यालाही चालते." ही पोकळ तार आत भरलेल्या पावडरवर, सिलिंडरच्या गॅसशिवाय जळते. शेतात चालते, आणि छान चालते. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात फाटक दुरुस्त करायचं, वारा सुटलेला, तिथे सिलिंडर नेऊन उपयोग नाही. गॅस वाऱ्याने उडून जातो. पण गॅसलेस तार सहसा ०.८ पासून मिळते, जास्त उष्णता टाकते, शिंतोडे जास्त, धूर जास्त, आणि प्रत्येक टाक्यावरचा स्लॅग (वर जमलेलं कडक कवच) काढल्याशिवाय पुढचा टाका मारता येत नाही. पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यावर हे सगळं अंगावर येतं. शिवाय गॅसलेसला टॉर्च निगेटिव्हला लागते, सॉलिड तार आणि गॅसला पॉझिटिव्हला. काही स्वस्त मशीनमध्ये हे बदलायची सोयच नसते, गॅसचा व्हॉल्व्हही नसतो. विकत घेण्याआधी हे विचारा.

गॅस वापरत असाल तर उन्हाळ्यात कूलर समोर लावून वेल्डिंग करू नका. त्याच्या झोताने गॅस उडतो, टाक्यात बारीक छिद्रं पडतात, आणि त्याच ओलाव्याने तारेचं बंडल गंजतं. म्हणूनच घरी १५ किलोपेक्षा ५ किलोचं बंडल बरं.

"मिक्स गॅस म्हणजे पैसे उडवणं." जाड अँगल, ट्रॉली, नांगराचा फाळ यांना नुसता सीओटू उत्तम, खोल जातो आणि स्वस्त पडतो. पत्र्यावर हाच खोलपणा आड येतो. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू घेतला की आर्क शांत होतो आणि घासायचं काम कमी होतं. वर्षातून एकच गाडी करणार असाल तर सीओटूवर भागवा, मी पहिली गाडी त्यावरच पूर्ण केली. नेहमी पॅनेल करणार असाल तर मिक्स घ्या. कोणताही सिलिंडर सावलीत, साखळीने बांधून ठेवा. सीओटू ३१ अंशांच्या वर द्रव राहतच नाही, त्यामुळे उन्हात त्याचा दाब फार चढतो.

"थ्री-इन-वन घेतलं की झालं." यात मिगसोबत आर्क, म्हणजे काडीचं वेल्डिंग, आणि टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने होणारं वेल्डिंग, येतं. काडीच्या आर्कची जोड उपयोगी पडते, नाकारत नाही. टिग बहुतेक वेळा डीसी (एकाच दिशेच्या करंटची) लिफ्ट टिग असते, तिने ॲल्युमिनियम होत नाही. पत्र्यासाठी तो खर्च फीडर आणि टॉर्चवर करा.

मावसभावाला मी सांगितलंय: जीपच्या मडगार्डचा कापलेला तुकडा खिशात घेऊन दुकानात जा. रंग आणि जस्ताचा थर घासून टाक, जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. दुकानदाराला ०.६ ची तार लावून, सगळ्यात कमी करंटवर, दोन तुकडे टोकाला टोक लावून जोडायला सांग. मग तुकडा उलटा करून बघ. मागच्या बाजूला टाका बारीक उमटला असेल आणि भोक नसेल, तर त्या मशीनच्या किमतीबद्दल बोलणं सुरू कर.