सीओसमोर उभ्या जवानाच्या बाजूने कोण?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या एका लेफ्टनंटची बडतर्फी कायम ठेवली. रेजिमेंटच्या धार्मिक परेडच्या वेळी गाभाऱ्यात जायला त्याने श्रद्धेचं कारण देऊन नकार दिला होता. आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावरून रण माजलं. निम्मे जण शिस्तीच्या बाजूने, निम्मे धर्मस्वातंत्र्याच्या. त्या अधिकाऱ्याला कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालय, न भरवताच, कारणे दाखवा नोटीस देऊन काढलं होतं, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. निकाल बरोबर की चूक, यात मला शिरायचं नाही. पण तो अधिकारी निदान वकील लावून दिल्लीपर्यंत लढू शकला. काटोल, रामटेक, उमरेडकडून भरती झालेल्या जवानावर आरोप आला, तर पहिल्या दिवशी त्याच्या बाजूने कोण उभं राहतं?

मी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकला राहते. जगातला सर्वात मोठा नौदल तळ इथे आहे. नौसैनिकांचे खटले लढवणाऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात मी कागदपत्रांचं काम करते. इथे खलाशाला चौकशीला बोलावलं की प्रश्न विचारण्याआधी त्याला सांगावं लागतं: आरोप हा आहे, तू गप्प राहू शकतोस, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. हा नियम १९५० च्या लष्करी न्यायसंहितेच्या ३१ व्या कलमात आहे. सामान्य अमेरिकन नागरिकाला पोलीस कोठडीत असं बजावणं सक्तीचं झालं ते १९६६ साली. सैनिकाला हे संरक्षण सोळा वर्षं आधी मिळालं, हे इथल्याही अनेकांना ठाऊक नसतं.

इथे कोर्ट मार्शल तीन प्रकारचं असतं. वरच्या दोन प्रकारांत त्याला लष्करी वकील फुकट मिळतो. पदरचे पैसे घालून बाहेरचा वकीलही तो लावू शकतो. त्या लष्करी वकिलाचा वार्षिक अहवाल जहाजाचा कप्तान लिहीत नाही. बचावाची वेगळी शाखा आहे आणि तिची वरिष्ठांची साखळीही वेगळी आहे. माझ्या मते सगळं महत्त्व या एका गोष्टीत आहे. सर्वात खालचं, समरी म्हणजे झटपट चालणारं कोर्ट मार्शल आरोपी सरळ नाकारू शकतो. नाही नाकारलं, तरी तिथे कैद जास्तीत जास्त ३० दिवसांची.

आपल्याकडचं समरी कोर्ट मार्शल बघा. सैन्य अधिनियमही १९५० चाच. कलम ११६ प्रमाणे कमांडिंग ऑफिसर (सीओ), म्हणजे युनिटचा प्रमुख, एकटाच न्यायालय असतो. दोन जण शेजारी बसतात, पण मत त्याचं एकट्याचं. तो लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो आणि नोकरीवरून बडतर्फही करू शकतो. या न्यायालयासमोर अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारासारखा कनिष्ठ अधिकारी) आरोपी म्हणून कधीच उभा राहत नाही. शिपाई ते हवालदार, एवढ्यांसाठीच ते आहे. जवानाला सोबत कुणीतरी मिळतो, 'आरोपीचा मित्र' म्हणून. आर्मी रूल १२९ म्हणतो की या मित्राने सल्ला द्यावा, प्रश्न सुचवावेत. पण साक्षीदाराची उलटतपासणी त्याने घ्यायची नाही आणि न्यायालयासमोर बोलायचंही नाही. तो वकील असला तरी तेच. बोलायचं कुणी, तर दहावी-बारावी शिकलेल्या, घाबरलेल्या त्या पोराने, आपल्याच सीओसमोर. एरवी हा मित्र बहुधा त्याच युनिटचा अधिकारी असतो आणि त्याचा वरिष्ठही तोच सीओ असतो.

मग आरोप कबूल करून टाक, साहेब सांभाळून घेतील, असा सल्ला मिळतो. आरोपीची सहीसुद्धा नसलेल्या कबुलीवरून दिलेल्या शिक्षा पुढे न्यायालयांनी रद्द केल्याची उदाहरणं आहेत. पण तोवर वर्षं गेलेली असतात. गावात 'फौजेतून काढलेला' हा शिक्का बसलेला असतो, आणि घरात बहिणीचं लग्न मोडलेलं असतं.

त्याहून कमी बोललं जातं ते रेड एन्ट्रीबद्दल. कलम ८० खाली सीओ कोर्ट मार्शलशिवाय २८ दिवसांपर्यंतची कैद देऊ शकतो. सुट्टीवरून उशिरा आला, दारू प्यायला, सीओसमोर पेशी झाली, लाल शाईची नोंद झाली. अशा चार नोंदी झाल्या की 'नको असलेला सैनिक' म्हणून घरी पाठवायची पद्धत पडली होती. वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की नुसत्या चार नोंदी पुरेशा नाहीत. चौकशी करा, सेवेची वर्षं बघा, नेमणूक कुठल्या कठीण भागात होती तेही बघा. पंधरा वर्षं भरल्याशिवाय जवानाला पेन्शन नाही. तेराव्या वर्षी चौथी नोंद झालेल्या माणसाचं काय होतं, ते ज्याच्या घरी घडलं त्यालाच कळतं. आणि यातल्या एकाही पेशीला त्याच्याजवळ कायदा जाणणारा माणूस नसतो.

कामठीला राहणारे माझे मामाजी सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फोनवर ते म्हणाले, "पोरी, फौजेत वकिली घुसली तर गोळीच्या वेळी हुकूम कोण मानंल?" त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. सीमेवर, बर्फात, वीस माणसांच्या चौकीवर कुणी हुकूम मोडला तर महिनाभर तारखा घेत बसता येत नाही. समरी कोर्ट मार्शल त्यासाठीच आहे. मी त्यांना म्हटलं, "मामाजी, सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये हेच सांगितलंय ना? तातडीची गरज असेल तेव्हाच हा अपवादाचा मार्ग धरा." शांत छावणीत, चहाच्या वेळा ठरलेल्या युनिटमध्ये, तोच मार्ग सोयीसाठी का वापरायचा? मामाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या एका जुन्या शिपायाची हकीकत सांगितली. ती इथे लिहीत नाही, कारण तो माणूस अजून त्याच गावात राहतो.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. जहाजावर नेमलेल्या खलाशाला कप्तानाने कोर्ट मार्शलशिवाय दिलेली किरकोळ शिक्षा बहुधा नाकारता येत नाही. नॉरफोकमध्ये तो रोजचा प्रश्न आहे. कोर्ट मार्शलमध्ये निकाल देणारे पंच अलीकडेपर्यंत कमांडरच निवडत असे. बाहेरच्या वकिलाची फी ऐकून तरुण नाविकांचे चेहरे उतरतात, ते मी रोज बघते. उणिवा आहेत. पण पहिल्या दिवशी फोन करायला एक नंबर असतो, आणि पलीकडचा माणूस कप्तानाच्या हाताखालचा नसतो.

हे सगळं नागपूरकरांनाच सांगण्याचं कारण कामठीत आहे. लष्कराची इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ आपल्या कामठीत आहे. जेएजी, म्हणजे लष्कराच्या कायदा शाखेचे अधिकारी तिथे शिकतात. पुढे ते कमांडरला सल्ला देतात, मोठ्या कोर्ट मार्शलमध्ये जज अॅडव्होकेट, म्हणजे न्यायालयाचे कायदा सल्लागार, म्हणून बसतात. फक्त आरोपीचा बचाव करणारी, त्या कमांडरला न बांधलेली शाखा तेवढी नाही. तिचं प्रशिक्षण इथेच सुरू होऊ शकतं. वारंग्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, सैनिकी प्रकरणं हाताळलेले वकील आहेत.

१९८२ मध्ये पृथीपाल सिंह बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलवर अपील नसल्याची खंत व्यक्त केली. अशी अपिलं ऐकणारं सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू व्हायला २००९ उजाडलं. त्याचं आपल्यासाठीचं खंडपीठ मुंबईत, म्हणजे आठशेहून जास्त किलोमीटर दूर. समरी कोर्ट मार्शलची शिक्षा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची असेल आणि बडतर्फी नसेल, तर तिथेही दाद नाही. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना आणली. जवानाच्या गावाकडच्या जमिनीच्या, घरच्या भांडणांत वकील मिळावा म्हणून ती आहे, आणि ती चांगलीच आहे. तोच हात पेशीच्या खोलीपर्यंत पोचवायला हवा. निदान रूल १२९ बदलून आरोपीच्या मित्राला उलटतपासणीचा हक्क द्यायला हवा. त्यासाठी संसदेत नवा कायदाही लागत नाही. नियम केंद्र सरकार करतं. आमच्या ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंनी मिळून आपल्या खासदाराकडे एवढी एक मागणी करावी, असं मी काल लिहिलंय. पहिली सही मामाजींनी द्यायचं कबूल केलंय.