सोळावा आकडा

अतिवृष्टीनं सोयाबीन झोपलं की पंचनामे होतात, आणि पंचनाम्यांमागून आमच्या टेबलावर याद्या येतात. नाव, गट नंबर, आधार, खाते क्रमांक. घामानं ओलं झालेलं पासबुक प्लास्टिकच्या पन्नीतून निघतं, त्यातला ३ आहे की ८ यावर दोघातिघांचं मत घ्यावं लागतं. इथपर्यंत माणसांचा कारभार. पुढे एक्सेल.

आधारचे १२ आकडे टाकून एंटर मारलं की सेलमध्ये उमटतं ४.५६ई+११. मागून काका डोकावतात.

"काहून बापा, माह्या आधारात अधिक कवापासून आलं?"

"मशीन तसं दाखवते काका, आकडे आत आहेत."

"मंग मशीनले सांग ना, अधिक पैशात घालाले!"

आधार निदान आत शाबूत असतो. खात्याचं तसं नाही. एक्सेल १५ आकडेच धरून ठेवतं. सोळावा दिला की तिथे गुपचूप शून्य. शून्यानं सुरू होणारं खातं असेल तर ते पहिलं शून्य गिळतं. म्हणजे पुढचं खरं शून्य खायचं आणि मागे खोटं ठेवायचं! खाते क्रमांकांची बेरीज कोण करणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

इलाज आहे: आकडे भरायच्या आधी अख्खा कॉलम 'टेक्स्ट' करायचा, किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. आधी म्हणजे आधीच. गेलेला सोळावा आकडा नंतर टेक्स्ट करून परत येत नाही. एवढं केलं तरी प्रत्येक सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उगवतो आणि याचा नंबर करू का, असं एक्सेल विचारत राहतं. वरच्या कचेरीत कोणीतरी टापटिपीचा माणूस असतोच. तो 'हो' म्हणतो.

यंदा दुबार खाती शोधायला काउंटइफ, म्हणजे एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं एक्सेलचं सूत्र, लावलं. आकड्यांचा मजकूर असला तरी ते त्याला नंबरच समजतं आणि पहिले १५ आकडेच जुळवतं. सोबतच खाती काढलेल्या दोघा भावांचा फरक फक्त सोळाव्यात, दोघेही दुबार. धुऱ्यावरून कोर्टात गेलेले हे भाऊ एक्सेलनं एका खात्यात आणले. सूत्रात शोधायच्या आकड्यापुढे तारांकन जोडलं, तेव्हा वाटणी झाली. पण तोवर थोरल्यानं स्क्रीन पाहिली होती.

"त्याच्या खात्यात नोको टाकू माहे पैसे. सरकारले वापस गेले तरी चालते."